डागांची वही

२ एप्रिल २०२४, मंगळवार
काम सुरू. आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गातलं, सांगलीपासून एसटीने पाऊण तासावर. आतल्या खोलीत तीन कपाटं आहेत, त्यांत ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली पुस्तकं वर्षानुवर्षं साठत गेली. पाठ सुटलेली, पानं निसटलेली, डागाळलेली. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही आता रिटायर, ह्याचा निकाल लावा.” हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला रिकामपण सहन होत नाही हे त्यांना बरोबर ठाऊक.

निकाल तीन प्रकारचा: किरकोळ दुरुस्ती, बांधणीला पाठवणे, बाद. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. दाखल क्रमांक, नाव, अवस्था, शेरा. पहिलं पुस्तक उघडलं तर पान ४० ला अख्ख्या कपाचं वर्तुळ. शेऱ्यात लिहिलं, ‘चहा’. मग गंमत म्हणून आणखी एक रकाना आखला: ‘कशाचा डाग’.

दारावर पाटी आहे, ‘वाचनालयात खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’ पाटीखालच्या टेबलावर शिपाईमामांचा चहा.

४ एप्रिल
३८ पुस्तकं झाली. नुसत्या नजरेनेही बरंच कळतं. चहाचा डाग कडेला गडद आणि मध्ये फिका, कारण वाळताना रंग कडेकडे सरकतो. तेलाच्या डागाला कड नसते, तिथला कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसायला लागतात. पाण्याच्या डागाला नकाशासारखी किनार येते. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात भिजलेली काही पुस्तकं सांगलीच्या एका घरातून देणगी म्हणून आली होती, त्यांच्या किनारीत अजून गाळ आहे. ती वेगळी काढली. ते खाण्यापिण्याचं खातं नव्हे.

रहस्यकथांवर चहा. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चहा आणि वडापावच्या लाल चटणीची पूड. पोथ्यांवर खोबरेल आणि कुंकू. ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाची पुस्तकं मात्र लख्ख. पहिल्या वीस पानांवर घड्या, पुढे काहीच नाही. ती खाताना कोणी वाचत नसावं, किंवा विसाव्या पानानंतर वाचतच नसावं.

६ एप्रिल
तेलावर प्रयोग. डाग पडलेलं पान दोन टिपकागदांमध्ये घेऊन त्यावर खडूची बारीक पूड पसरली आणि वरून कोमट इस्त्री ठेवली. ताजा डाग बराच उतरतो, जुना हलत नाही. तेल एकदा तंतूंत मुरलं की पिवळं पडून तिथेच घर करतं.

एका कादंबरीत इस्त्री लावताच लसणाचा वास सुटला. भडंग! शंकाच नको. चुरमुरे, शेंगदाण्याचं तेल, तिखट, ठेचलेला लसूण. सांगलीकडच्या माणसाला हा वास ओळखायला नाक लागत नाही. मामा लगेच दारात आले, “कोण भडंग करतंय?” त्यांना पान हुंगायला दिलं.

ह्या कादंबरीतले तेलाचे ठिपके पान १७ ते ५३ पर्यंत सलग आहेत, मग थेट ९० ला. म्हणजे एक पुडा सदतीस पानं पुरला.

९ एप्रिल
गुढीपाडवा. सुट्टी. घरी श्रीखंड आणि एक जाड चरित्र. दोन्ही अर्ध्यावर.

१२ एप्रिल
आज हळदीचा दिवस. आमच्या भागात हळदीचे डाग नसते तरच नवल. सांगली म्हणजे हळदीची पेठ, इथल्या हळदीला आणि बेदाण्याला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. वरणभात, पिठलं, कांदेपोहे, काहीही खाताना पुस्तक जवळ असलं की ते पिवळं होणारच.

कापडावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो. पुस्तकाला तो उपाय परवडत नाही. काही तासांत हळद फिकी होते, पण स्वस्तातला कागद स्वतःच तपकिरी पडायला लागतो. एक बाद पान गच्चीत ठेवून बघितलं. डाग गेला आणि पानही गेलं. तेव्हा हळदीला हात लावायचा नाही असं ठरवलं. शेऱ्यात ‘हळद, असू दे’.

आणि एक विचित्र गोष्ट. एका ऐतिहासिक कादंबरीत शिवणीजवळ हळदीचा ओघळ, आणि त्यावर विटकरी लाल अंगठा. रेघा दिसतील इतका स्वच्छ. कुंकू वाटलं, पण कुंकवाचा कण कुठेच नव्हता. लिंबाचा रस कापसाने टेकवला, लाल जाऊन पिवळं झालं. सातवी-आठवीच्या मुलांना हळदीचा कागद करून हेच दाखवायचे. आम्ल असेल तर पिवळा, अल्कली असेल तर लाल. हळदीत चुना कालवून कुंकू करतात तेही ह्याच न्यायाने. म्हणजे ज्याचा अंगठा, त्याच्या अंगठ्याला चुना होता. तंबाखू मळणारा वाचक!

१६ एप्रिल
लाल अंगठा आणखी चार पुस्तकांत सापडला. सगळीकडे शिवणीजवळ, सगळीकडे हळदीवरच. साहजिकच आहे, चुना कोऱ्या कागदावर दिसणार नाही, हळद असेल तिथेच तो उघडा पडणार.

तारीख चिठ्ठ्या आणि देवघेवीची जुनी वही काढून बसले. पाचांपैकी दोन पुस्तकं एकाच सभासदाने नेलेली. गृहस्थ रोज संध्याकाळी येतात आणि खिशात चंची असते. गुन्हेगार मिळाला म्हणून मी खूश.

१९ एप्रिल
संध्याकाळी मुद्दाम त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरून बसले. त्यांनी अंगणात जाऊन तंबाखू मळली, थुंकून आले, नळावर हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मगच पुस्तक उघडलं. पान उलटताना कागदाचा फक्त वरचा कोपरा, तोही नखाने. माझ्या हातात त्या वेळी शेंगदाण्याचा लाडू होता.

वहीतून त्यांचा सभासद क्रमांक खोडला.

२३ एप्रिल
आज जागतिक पुस्तक दिन. वाचनालयात हार, फोटो, दोन भाषणं, पेढे. पेढ्यांचा खोका ज्ञानकोशावर ठेवला होता, तो उचलून बाजूला केला.

आज काम कमी झालं, म्हणून डाग बाजूला ठेवून खाण्याचा विचार केला. वाचताना खायला सर्वांत चांगलं काय? फुटाणे आणि सोललेले शेंगदाणे. कोरडे, एका हाताने खाता येतात, खाली पडले तर उचलता येतात, आणि संपायच्या आत माणूस कंटाळत नाही. टरफलाच्या शेंगा तितक्याच प्रिय, पण त्यांना दोन हात लागतात. मग पुस्तक मांडीखाली अडकवावं लागतं आणि पान उलटायची वेळ आली की सगळा कारखाना थांबतो. शेंगांची लाल साल मात्र पुस्तकात हमखास सापडते, ती हलकी असते आणि फुंकली की नेमकी पानांच्या फटीत जाते. पोहे चालतात, घट्ट असतील तर. मिसळ अजिबात नाही. मिसळ खाताना माणसाने मिसळच खावी.

आमच्या घरी जेवताना वाचायला बंदी होती. आई म्हणायची, “एकतर अन्नाकडे बघ नाहीतर अक्षराकडे, दोघींचा अपमान एकदम करू नकोस.” पण ती स्वतः दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली की एकटी जेवायला बसायची, आणि तेव्हा पाण्याच्या तांब्याला टेकवून मासिक उभं केलेलं असायचं. उजव्या हाताने भाकरी, डाव्या हाताच्या करंगळीने पान. आमटीचा एक थेंबसुद्धा पडायचा नाही. मला ते कधी जमलं नाही. माझी शाळेपासूनची पुस्तकं ह्या तीन कपाटांत सहज खपली असती.

२७ एप्रिल
एका कवितासंग्रहात पान ६२ आणि ६३ चिकटलेली. सुरीच्या बोथट कडेने सोडवली तर मध्ये बेदाणा, चपटा, काचेसारखा. भोवती मुंग्यांनी कुरतडल्याच्या खुणा. कवितासंग्रहांवर एरवी डागच नसतात, त्यामुळे हा बेदाणा पाहून फार बरं वाटलं. चिठ्ठीवर सगळ्या मिळून दोन तारखा. दोघांपैकी एकाने तरी आरामात, तोंडात काहीतरी टाकत कविता वाचली.

बेदाणा काढला. पानं गेली नाहीत, सात-आठ अक्षरं गेली.

४ मे
कसर. आज चौथ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला (तीन म्हणाले होते, चौथं दाराआड होतं) आणि चंदेरी किडे सैरावैरा पळाले. खाल्लेली जागा बघितली तर त्यांनी तेलाचे डाग सोडून पाठीचा भाग खाल्ला होता, जिथे खळ असते.

बाइंडरकाकांना विचारलं. ते म्हणाले, “बाई, खळ म्हणजे मैदाच की. मैदा शिजवायचा, त्यात मोरचूद टाकायचा. मोरचूद इसरला की किड्यांची दिवाळी.” म्हणजे आम्ही पुस्तकाशेजारी बसून खातो आणि किडे पुस्तकच खातात, आणि दोघांचंही पीठ एकाच चक्कीचं.

७ मे
मतदान. वाचनालय बंद. बोटाला शाई, ती मात्र कशानेच जात नाही, लिंबानेही नाही. करून बघितलं.

११ मे
आंबा. काल अक्षय तृतीया झाली, त्यामुळे परत आलेल्या पुस्तकांवर ताजा माल. बालविभागातली पाच पुस्तकं आमरसाने भिजलेली. एकावर चार बोटं आणि तळहात, पूर्ण पंजा, दरवाजावर उमटवतात तसा. आमरस साखरेचा, म्हणजे मुंग्या आणि बुरशी दोन्हींना निमंत्रण. ओलसर कापूस, मग कोरडा कापूस, मग पंख्याखाली, पानापानांत टिपकागद. पंजाचं पान पुसलं तरी केशरी छटा राहिलीच.

आई माफी मागायला आली होती, मुलगा पदराआड. त्याला विचारलं, “गोष्ट संपली का?” म्हणाला, “संपली, पण आंबा आधी संपला.” विलंब शुल्क दोन रुपये घेतलं. आंब्याचं शुल्क नियमात नाही.

१८ मे
दिवाळी अंकांची पेटी. हे आठवडाभर पुरणार.

दिवाळी अंक आणि फराळ ही जोडी मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चकलीचं ताट आणि अंक शेजारी शेजारी आहेत. आमच्याकडे अंकांची योजना चालते. वर्गणी एकदाच भरायची, एक अंक परत केला की दुसरा न्यायचा, फाल्गुनापर्यंत. त्यामुळे एकेका अंकाच्या अंगावर चार महिने बसतात.

२००३ चा एक अंक घेतला आणि भिंग लावून पहिल्यापासून बघितला. संपादकीयावर गोल, स्वच्छ, मोठे तेलाचे ठिपके: चकली. व्यंगचित्रांच्या पानावर पोह्याचा एक तुकडा, चिवड्यातला. पहिल्या कथेच्या शेवटी पिठीसाखर, बोटाला अजून खरखरीत लागते, करंजीची किंवा शंकरपाळ्याची. इथपर्यंत पहिला वाचक. मग मधल्या लेखात तीळ. तीन तीळ, शिवणीत अडकलेले, म्हणजे संक्रांत. एका परिसंवादाच्या दोन पानांमध्ये ज्वारीचा हिरवट दाणा, वाळून दगड झालेला. हुरडा. हा अंक कोणीतरी शेतावर नेला होता! आणि राशिभविष्यावर तूप. तुपाच्या डागाला तेलासारखी चकाकी नसते, तो मेणचट आणि पांढुरका असतो. शिमग्याची पुरणपोळी.

परिसंवादाचं पुढचं पान मात्र कोरं. परिसंवाद कोणीच पुरा वाचलेला नाही.

तीळ काढले नाहीत. नियमाप्रमाणे काढायला हवेत, किडे येतात. पेटीत डांबराच्या गोळ्या वाढवल्या आणि अंक पिशवीत बंद केला.

२५ मे
बाइंडरकाका आले. बांधणीची ४१ पुस्तकं त्यांच्या सायकलला लागायची होती, त्याआधी खोलीतच चारपाच शिवून बघू म्हणाले. सतरंजीवर बसले, फर्मे (एकत्र शिवलेल्या घडीच्या पानांचे जुडगे) सुटे केले. शेजारी डबी. तंबाखू मळली, चुना लावला, तोंडात टाकली, हात झटकले आणि पहिला फर्मा उचलून घडीवर अंगठा दाबत वरून खाली नेला.

मी बघतच राहिले. पान उलटलं. हळदीवर ताजा लाल अंगठा.

“काका, हे तुमचं?”
“काय?”
“हा अंगठा.”
त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. “न्हाई बाई, माझा हात पांढरा हाय, बघा की.” हात दाखवला. पांढराच. मग मी लिंबू आणलं, हळद आणली, चुना त्यांच्याच डबीतला घेतला आणि कागदावर करून दाखवलं. आठवीचा वर्ग, एक विद्यार्थी, वय सत्तरच्या पुढे. ते खूप वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे पस्तीस वर्षं मी समद्या पुस्तकांवर सही करतोय म्हणा की.”

जुनी पाचही पुस्तकं काढून पुठ्ठ्याच्या आतली बाजू तपासली. पाचही त्यांच्याच हातची बांधणी. हे मी १६ एप्रिललाच बघायला हवं होतं. मुलांना सांगत आले, एक कारण सुचलं म्हणजे तपास संपत नाही.

८ जून
पहिला जोराचा पाऊस. आतल्या खोलीत ओल. सगळी पुस्तकं भिंतीपासून वीतभर सरकवली. कामाची नोंद इतकीच. दुपारी भजी आली, ती अंगणात उभं राहून खाल्ली.

१५ जून
पाककृतींची पुस्तकं शेवटी ठेवली होती, कारण त्यांत डाग नसणं हीच चिंतेची बाब. आमच्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची एक जुनी प्रत आहे. पुस्तक १९७० सालचं, कमलाबाई सांगलीच्या, त्यामुळे इथे त्यांना नुसत्या लेखिका मानत नाहीत. त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली, आणि तराजू नसलेल्या स्वयंपाकघरातल्या मुलींची मोठी सोय झाली.

ही प्रत टेबलावर ठेवून सोडली की आपोआप चकलीपाशी उघडते. पुठ्ठा निघालेला, पहिली काही पानं नाहीत, मधल्या पानांना बेसनाचा थर. आणि समासात अक्षरं. पेन्सिलीने, बारीक: ‘मोहन कमी घालावे.’ त्याखाली निळ्या शाईत, दुसरा हात: ‘कमी घातले. कडक झाल्या.’ त्याखाली तिरकं, बॉलपेनने: ‘तुमची वाटी कुठली?’ पुढे बाण काढून चौथ्या हातात, ‘स्टीलची, आमटीची.’ चार बायका, बहुधा एकमेकींना कधीच न भेटलेल्या, वीसेक वर्षं एका चकलीवर बोलत होत्या. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं हा दंडनीय प्रकार आहे. मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मामांना वाचून दाखवलं.

शेरा काय लिहावा कळेना. रकाना ‘कशाचा डाग’ : सगळ्याचा.

६ जुलै
कार्यकारिणीची बैठक. माझी यादी ठेवली. अध्यक्षांनी आधी डागाळलेल्यांच्या यादीला बोट लावलं, “ही सगळी बाद करा, नवी घेऊ.” मी म्हटलं, आधी दुसरी यादी बघा. ह्या यादीतली पुस्तकं स्वच्छ आहेत, पण चिठ्ठीवर एकही तारीख नाही. दहा-पंधरा वर्षं उभी आहेत, काहींची पानंही जोडलेलीच, कापायची राहिलेली. जागा त्यांनी अडवली आहे. खजिनदार म्हणाले, “पण बाई, ती चांगल्या अवस्थेत आहेत.” मी म्हटलं, असणारच.

अर्धा तास वाद. भडंगवाली कादंबरी टेबलावर ठेवून तिची तारीख चिठ्ठी उघडली, चिठ्ठीला चिठ्ठी जोडून ती टेबलाखाली गेली. शेवटी ठरलं ते असं: न वाचलेल्यांपैकी ६४ बाद, डागाळलेल्यांपैकी १९ बाद, उरलेली बांधणीला. ‘रुचिरा’ची नवी प्रत घ्यायची, जुनीही ठेवायची, पण घरी द्यायची नाही, इथेच बसून बघायची. पुरातल्या पुस्तकांचा निर्णय पुढच्या बैठकीत.

१७ जुलै
आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी वाचनालयात आणलेली नाही. घरीच, ताटाशेजारी आईसारखं तांब्याला टेकवून पुस्तक उभं केलं. तांब्या आता स्टीलचा, घसरतो. एक दाणा पान १०८ वर. पुस्तक वाचनालयाचं. वहीत माझा सभासद क्रमांक लिहिला.

२० जुलै
बांधणी झालेली पहिली बावीस पुस्तकं परत आली. पाठी घट्ट, खळीत मोरचूद आहे हे निळसर छटेवरून कळलं. प्रत्येकातल्या हळदीच्या जागा तपासल्या. एकाही पानावर नवा अंगठा नाही. काका म्हणाले, “आता शिवायच्या वक्ताला डबी सायकलीच्या पिशवीत ठिवतो.” मग थोडं थांबून, “जुने हायत ते राहूदेत का?”
राहूदेत म्हटलं.

आणायचं: टिपकागद १ दस्ता, खडूची पूड, डांबराच्या गोळ्या, दारासाठी नवी पाटी. जुनीवर मामांच्या चहाचा शिंतोडा गेला आहे, ‘सक्त’ मधला ‘क्त’ दिसत नाही.